मतभेदातली पारख

(कळमनुरी तालुक्यातील कार्यकर्ते, पाळक आणि मंडळ्यांचे वडील यांच्या एकदिवसीय बैठकीत केलेले भाषण)



सकाळी वसतिगृहाचे प्रवेश, बचत गटांचे हिशेब आणि पावसाळ्यातली आजारपणे यांवर बोलणे झाले. दुपारसाठी मला दिलेला विषय असा आहे: एकाच प्रभूला मानणाऱ्या माणसांत शिक्षणावरून मतभेद झाले तर पारख कशी करावी, आणि ती करताना प्रीती कशी राखावी. जेवणानंतरची वेळ आहे आणि विषय जड आहे, म्हणून जमेल तितके सरळ बोलतो.

हा विषय पत्रिकेवर का आला, ते इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कळमनुरी, औंढा, सेनगाव भागातल्या आपल्या आंध वस्त्या म्हणजे शहरातल्या मंडळ्या नव्हेत. एखाद्या वस्तीत पाच-सहा घरे प्रार्थनेला बसतात. महिन्यातून एकदा एक पाळक येतात, ते आईच्या मांडीवरच्या बाळाला बाप्तिस्मा देतात. काही दिवसांनी दुसऱ्या गावाहून दुसरे बंधू येतात आणि सांगतात की तो बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हे, समज आल्यावर पाण्यात उतरायला हवे. तिसरे येतात, ते विचारतात, तुम्हाला अन्य भाषा मिळाली का? चौथे म्हणतात, रविवार नव्हे, शनिवार पाळा. सगळ्यांच्या हातात पवित्र शास्त्र एकच. मग सहा घरांची तीन आणि तीन होतात. ढोलकी कोणाच्या घरी राहायची यावर पहिले भांडण होते. पुढे बचत गटाच्या बैठकीला एक बाजू येत नाही. शेवटी आजारी म्हातारीला दवाखान्यात न्यायचे असते आणि जीपचे भाडे कोणी गोळा करायचे यावर अडते. शहरातला माणूस एक मंडळी सोडून दुसरीत जाऊ शकतो. सहा घरांच्या वस्तीत मंडळी फुटली म्हणजे शेजार फुटला.

यावर दोन सोपी उत्तरे नेहमी ऐकू येतात. कोणी म्हणतो, शिक्षणात काय ठेवलंय, सगळे सारखेच, प्रेमाने राहा. कोणी म्हणतो, सत्य ते सत्य, ज्याला पटत नाही त्याने बाहेर जावे. दोन्ही बोलणारे माझ्या ओळखीचे आहेत, चांगली माणसे आहेत, पण दोन्ही उत्तरांत पारख करण्याचे कष्ट टाळलेले आहेत. पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला सांगतो की आत्म्याला विझवू नका, संदेशांना तुच्छ लेखू नका; आणि लगेच पुढे सांगतो की सगळ्याची पारख करा. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच वेळी करायच्या आहेत.

पारख म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याला शिकवायला नको. हिंगोलीच्या किंवा वसमतच्या बाजारात हळद नेली की व्यापारी ढिगात हात घालतो, कांडी मोडतो, आतला रंग बघतो, ती किती वाळली आहे ते आवाजावरून ओळखतो. तो ढिगाला शिव्या देत नाही आणि शेतकऱ्याच्या घराण्याची चौकशीही करत नाही. आणि न बघता भाव बोलला तर त्याचे दिवाळे निघेल. आपण मात्र पुष्कळदा कांडी न मोडताच भाव बोलतो. माणूस कोणत्या मिशनचा, कोणत्या पाळकाचा, एवढे कळले की आपले मत तयार.

आपल्याच महाराष्ट्रातले एक उदाहरण आज जरा सविस्तर सांगायचे आहे. पंडिता रमाबाईंचे. त्यांचे नाव सर्वांना माहीत आहे. केडगावचे मुक्ती मिशन माहीत आहे. पण ख्रिस्ती झाल्यावर पहिली काही वर्षे रमाबाईंचे त्यांच्या ख्रिस्ती गुरूंशी जे तीव्र मतभेद झाले, ते आपल्या सभांमध्ये कोणी सांगत नाही. त्यांच्या गोष्टीतून तेवढा भाग गाळला जातो, आणि मला वाटते तोच भाग आपल्या कामाचा आहे.

1883 साली रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज या गावी सेंट मेरी मठाच्या भगिनींकडे राहिल्या; या भगिनींचे काम पुण्यातही होते. तिथे 29 सप्टेंबर 1883 रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या आध्यात्मिक आई. रमाबाई त्यांना पत्रांतून ‘आजीबाई’ म्हणत, हा आपला मराठी शब्दच तसा इंग्रजी पत्रात लिहीत. नाते इतके जवळचे होते. आणि तरीही थोड्याच काळात वाद सुरू झाला.

रमाबाईंना त्रैक्याचा सिद्धांत पटेना. ख्रिस्ताचे देवत्व चर्चच्या शब्दांत जसे मांडले जाते तसे त्यांना शास्त्रात दिसेना. अथनेशियसच्या मतांगिकारात, हे असेच न मानणाऱ्याचा नाश होईल, अशी जी वाक्ये आहेत ती त्यांना सोसवेनात. मनोरमेला काय शिकवायचे यावरूनही ओढाताण झाली. मला स्वतःला जे अजून मान्य नाही ते माझ्या मुलीला शिकवू नका, असे आईचे म्हणणे. आता हे प्रश्न लहान नाहीत. आपल्यापैकी कोणाच्या वस्तीत कोणी असे विचारले तर आपणही घाबरून जाऊ. जेराल्डीन यांना काळजी वाटली यात त्यांची चूक होती असे मी म्हणणार नाही.

पण पुढे काय झाले ते बघा. या मोठ्या प्रश्नांबरोबर भलतेच प्रश्न त्याच पिशवीत भरले गेले. रमाबाई मांसाहार करत नसत, अंडे घातलेली खीर-पुडिंग खात नसत. वाँटेजला त्यात जातीचा अभिमान दिसला. रमाबाईंनी यावर जे उत्तर लिहिले ते वाचण्यासारखे आहे. आमचा अभिमान तुम्हाला भांड्याकुंड्यांत आणि लोण्या-दुधात शोधायचा तर शोधा, अशा अर्थाचे. मग क्रूसाचा प्रश्न निघाला. क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंचे म्हणणे, संस्कृत का नाही? लॅटिनमध्ये असे कोणते पावित्र्य आहे जे आमच्या जुन्या भाषेत नाही? पुढे चेल्टनमच्या महाविद्यालयात त्या शिकत आणि शिकवत असताना पुरुषांना शिकवावे की नाही हा प्रश्न आला, आणि हिंदुस्थानातल्या बिशपांनी त्याला विरोध केला. ज्या बाईने कलकत्त्यात पंडितांच्या सभेत संस्कृतातून भाषण केले होते, तिला हे सांगितले जात होते.

आता यात कोणती गोष्ट विश्वासाची होती आणि कोणती इंग्लंडच्या स्वयंपाकघराची? त्रैक्य ही विश्वासाची गोष्ट. अंडे ही नव्हे. पौलाने रोमकरांच्या पत्रात याच गोष्टीवर आख्खा चौदावा अध्याय खर्ची घातला आहे. एक सर्व खातो, एक भाजीच खातो. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये. हे पत्र वाँटेजमध्ये रोज वाचले जात असणार. तरी समोर एक मराठी ब्राह्मण विधवा पुडिंग बाजूला सारते तेव्हा त्या बहिणींना तो अध्याय आठवला नाही. त्यांना दोष देऊन काय करायचे? आपल्याकडे नवीन विश्वासी बाई हातातल्या हिरव्या बांगड्या काढत नाही, कपाळावरचे कुंकू एकदम पुसत नाही, तेव्हा आपण तिच्या विश्वासाचे मोजमाप त्या बांगड्यांवरून करतो की नाही, ते ज्याचे त्याने बघावे.

याच काळात दुसरी एक बाई वेगळ्या रीतीने वागली. चेल्टनमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील. त्याही पक्क्या ख्रिस्ती, त्रैक्य मानणाऱ्या. त्यांनी रमाबाईंशी वाद घातला, लांब पत्रे लिहिली, आपले मत लपवले नाही. पण प्रश्न विचारणे हाच अहंकार, असे त्यांनी धरले नाही. या बाईला विचार करून पुढे जायचे आहे, तिला हुकूम देऊन चालणार नाही, हे त्यांनी ओळखले. जेराल्डीन प्रेमळ होत्या. बीलही प्रेमळ होत्या. फरक एवढाच की बीलबाईंना वाट बघता येत होती.

रमाबाईंनी पुढे 1907 साली आपली साक्ष लिहिली. ख्रिस्ती देशांत गेल्यावर इतके पंथ, इतकी वेगवेगळी मते पाहून आपण किती गोंधळलो, ते त्या लिहितात. बाबेलच्या गोंधळाची उपमा त्यांनीच दिली आहे. वेद-पुराणांतली वेगवेगळी मते सोडून आलेल्या बाईला इथेही तेच दिसले. आपल्या वस्तीतल्या माणसाची स्थिती याहून वेगळी नाही. फरक एवढाच की रमाबाईंना संस्कृत येत होते आणि इंग्रजीत पत्र लिहून उत्तर देता येत होते. आपला माणूस उत्तर देत नाही. तो एके दिवशी प्रार्थनेला येणे बंद करतो.

मग रमाबाईंच्या त्रैक्याच्या प्रश्नाचे काय झाले? वाँटेजच्या पत्रांनी तो सुटला नाही. त्या अमेरिकेला गेल्या, परत आल्या, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, विधवा मुलींना शिकवू लागल्या. 1891 च्या सुमारास एका इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त वाचताना त्यांना जाणवले की आपण धर्म स्वीकारला आहे, पण ख्रिस्त स्वीकारायचा राहिला आहे. त्या शास्त्राकडे परत गेल्या, आणि हळूहळू त्यांचा विश्वास ज्या ठिकाणी जाऊन स्थिरावला तिथे जेराल्डीनबाईंनाही आनंदच वाटला असता. बाप्तिस्म्यापासून मोजले तर आठ वर्षे गेली. पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते संपूर्ण छापून निघाले 1924 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. ज्या बाईला पाखंडी ठरवण्याची घाई झाली होती, तिने हे केले.

आपल्या हिंगोलीच्या नरसीचे नामदेव. त्यांची आख्यायिका सर्वांनी कीर्तनात ऐकली आहे. गोरोबा कुंभाराने थापटण्याने सर्व संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चे मडके म्हटले. ते रागावले, पण पुढे इथेच औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. कच्चे मडके कोणी फोडून टाकले नाही, हे मला त्या गोष्टीत महत्त्वाचे वाटते. नारायण वामन टिळक म्हणत की तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, म्हणून मीही नामदेवांची गोष्ट इथे सांगायला संकोच करत नाही.

जेराल्डीन यांच्याविषयी एक गोष्ट सांगितली नाही तर अन्याय होईल. मतभेद असूनही त्यांनी संबंध तोडले नाहीत. मनोरमा काही काळ त्यांच्याच देखरेखीखाली वाढली. आणि रमाबाईंची ती सगळी पत्रे, ज्यांत त्यांच्या स्वतःच्या बोलण्याला खरमरीत उत्तरे आहेत, ती जेराल्डीन यांनी जपून ठेवली, म्हातारपणी नीट लावून ठेवली. ती फाडता आली असती. ‘महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळा’ने 1977 साली ती पुस्तकरूपाने काढली, म्हणून आज आपण दोन्ही बाजू वाचू शकतो.

आता मुक्ती मिशनचा दुसरा प्रसंग. इथे रमाबाई शिकणाऱ्या नव्हत्या, स्वतः जबाबदार होत्या. 1905 च्या जूनअखेरीस केडगावला मुलींमध्ये मोठी जागृती झाली. मुली रडत, पापे कबूल करत, सर्व जणी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत. पुढच्या वर्षी काही जणी अन्य भाषांत बोलू लागल्या. बाहेरून टीका सुरू झाली. हा गोंधळ आहे, हा भावनेचा पूर आहे, बायकांच्या अंगात येते तसला प्रकार आहे. आपल्याकडे खंडोबाच्या जत्रेत अंगात येणे सगळ्यांनी पाहिलेले, त्यामुळे ही शंका इथल्या माणसाला लगेच येते आणि ती विचारण्यात काही गैर नाही.

रमाबाईंनी मुक्तीच्या पत्रिकेत 1907 मध्ये यावर लिहिले. मतितार्थ असा: पवित्र आत्म्याची सर्वांत आवश्यक खूण म्हणजे पूर्ण प्रीती, पण म्हणून बरे करण्याची, अन्य भाषांची किंवा संदेश देण्याची दाने टाकून द्यायची नाहीत. आणि त्यांनी विचारले की आत्म्याला इतर देशांत जसे मोकळेपणाने काम करता येते तसे हिंदुस्थानच्या लोकांत का करू देऊ नये? आपले लोक रडून, हात वर करून प्रार्थना करतात. परदेशी शांततेचा साचा त्यांच्यावर का बसवायचा? त्यांच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनीही, अन्य भाषा बोलल्याशिवाय आत्म्याचा बाप्तिस्मा झालाच नाही, असा हट्ट धरला नाही. त्या वेळी अमेरिकेतले काही पुढारी तसा हट्ट धरत होते.

मला यात पारख दिसते ती अशी. रमाबाईंनी दान नाकारले नाही, दानाची सक्तीही केली नाही. जिला अन्य भाषा मिळाली तिला दुसरीपेक्षा वरचा पाट दिला नाही. आणि हे करताना केडगावचे काम चालूच राहिले. दुष्काळातून आणलेल्या मुलींचे जेवण, शाळा, छापखाना, विणकाम. प्रार्थना कितीही लांबली तरी संध्याकाळच्या स्वयंपाकाची पाळी असणारी मुलगी पाळीवर गेलीच पाहिजे. रात्रभर चाललेल्या प्रार्थनेनंतर सकाळी पाण्याला कोण जाते, हे आपल्या वस्त्यांतही बघावे. त्यावरून बरेच कळते.

आता बाप्तिस्म्याचे. आपल्या भागातले निम्म्याहून अधिक वाद यावरचे असतात, म्हणून टाळत नाही. तुम्हाला वाटत असेल की हा प्रश्न कधीच कोणाला सोडवता आलेला नाही. सुटला नाही हे खरे, पण तो बरोबर घेऊन एकत्र राहण्याची एक मोठी खटपट आपल्या नागपुरातच झाली. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यांत अँग्लिकन होते. युनायटेड चर्च होते, ज्यात अहमदनगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या आलेल्या होत्या. ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट होते. हे सर्व बाळांना बाप्तिस्मा देणारे. आणि त्याच मेजाभोवती बाप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स बसले होते, जे समज आलेल्या विश्वासणाऱ्यालाच बुडवून बाप्तिस्मा देतात. ब्रदरन तर तीनदा बुडवतात. ही बोलणी 1929 साली सुरू झाली होती. चाळीस वर्षांहून अधिक काळ. मधे दुसरे महायुद्ध झाले, देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली, बोलणी चालूच.

त्यांनी ठरवले ते थोडक्यात असे: दोन्ही पद्धती एकाच चर्चमध्ये मान्य. आईबापांना हवे तर बाळाचा बाप्तिस्मा, नको असेल तर बाळासाठी प्रार्थना करून ते मोठे होऊन स्वतः कबुली देईपर्यंत थांबणे. ज्या पाळकाच्या सद्सद्विवेकाला बाळाचा बाप्तिस्मा पटत नाही, त्याच्यावर जबरदस्ती नाही. दुसऱ्या पाळकाला बोलवावे. लहानपणी बाप्तिस्मा झालेल्याने मोठेपणी पुन्हा मागितला तर काय, हा प्रश्न शेवटपर्यंत अवघड राहिला. पाळकांचे एकमेकांवर हात ठेवण्याचा जो विधी झाला, त्याचा नेमका अर्थ काय, हेही त्यांनी शब्दांत पकडण्याचा हट्ट सोडून देवावर सोपवले. आणि सगळेच आले असेही नाही. मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया, ज्यांच्या मंडळ्या आपल्या मराठवाड्याच्या शेजारी बिदरकडे आणि इतरत्र आहेत, ते ऐन वेळी बाहेर राहिले. त्यावरून कडवटपणा आला, पण त्यांना कोणी पाखंडी म्हटले नाही.

मी तुम्हाला चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये या, असे सांगायला हे बोललो नाही. इथे पाच-सहा मंडळ्यांचे लोक बसले आहेत आणि ज्याने त्याने आपल्या ठिकाणी राहावे. पण इतक्या विद्वान माणसांना जो प्रश्न चाळीस वर्षांत संपवता आला नाही, तो आपण एका संध्याकाळच्या प्रवचनात, तेही दुसऱ्याच्या वस्तीत जाऊन, संपवतो आणि जाताना सहा घरांची तीन-तीन करून जातो, हे मला बरे वाटत नाही.

प्रेषितांच्या कृत्यांत अपुल्लोसाची गोष्ट आहे. मोठा वक्ता, शास्त्रात प्रवीण, पण त्याला योहानाचाच बाप्तिस्मा ठाऊक होता. म्हणजे बाप्तिस्म्याच्याच बाबतीत त्याचे शिक्षण अपुरे होते! अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांनी ते सभास्थानात ऐकले. तिथेच उभे राहून त्याला खोडून काढले नाही. त्याला आपल्याकडे नेऊन मार्ग अधिक नीट समजावून दिला. नवरा-बायको दोघांनी मिळून. राहुट्या शिवणारी माणसे, त्या घरात जेवण झाले असणार, असे आपण धरून चालू.

पण प्रत्येक गोष्ट घरी नेऊन समजावण्याची नसते, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर माझे बोलणे गुळमुळीत होईल. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता आणि यरुशलेमहून माणसे आली तसा मागे सरला. पौलाने त्याला सर्वांसमोर तोंडावर सांगितले. का? कारण तिथे पंगत मोडत होती. आपल्याकडे कोणी प्रभुभोजनाच्या मेजावर जात आणली, अमक्या समाजाच्या विश्वासणाऱ्याच्या घरचे पाणी नको म्हटले, तर तिथे ‘मतभेद आहेत, सांभाळून घ्या’ म्हणायचे नाही.

दुसरी गोष्ट आजाराची. विश्वासाने बरे होते, गोळ्या घेणे हा अविश्वास आहे, असे शिकवणारे कोणी आपल्या वस्तीत आले तर त्यांना त्याच दिवशी, लोकांसमोर, नम्रपणे पण स्पष्ट सांगा की हे आम्हाला मान्य नाही. क्षयरोगाच्या नेहमीच्या गोळ्या सहा महिने चालतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंग भरते, माणसाला वाटते आपण बरे झालो. त्याच वेळी कोणी म्हटले की आता देवावर सोड, तर रोग परत येतो आणि तोही त्या गोळ्यांना न जुमानणारा. घरातल्या लेकरांना लागतो. सरकारी दवाखान्यात औषध फुकट आहे. प्रार्थना करा, हात ठेवा, तेल लावा, आणि गोळी वेळेवर द्या. यात दोन मतांना जागा नाही, कारण इथे चुकीची किंमत शिकवणारा भरत नाही, वस्तीतले लेकरू भरते. मला वाटते पारख करताना हा प्रश्न नेहमी विचारावा: हे शिक्षण चुकीचे निघाले तर त्याची किंमत कोण मोजणार?

शनिवार-रविवार, टाळ्या की शांतता, एक पेला की वेगवेगळे पेले, या प्रश्नांना हा सवाल विचारला तर ते आपोआप हलके होतात. त्यांवर मत ठेवावे, आपल्या मंडळीत शिकवावे. दुसऱ्याच्या वस्तीत जाऊन आधी तिथल्या पाळकाला भेटल्याशिवाय शिकवू नये.

आपल्या संस्थेच्या कामापुरते दोन शब्द. वसतिगृहाच्या अर्जात आईबापांची मंडळी कोणती, बाप्तिस्मा झाला का, कोणत्या रीतीने, असले काही विचारायचे नाही. बियाणे, ताडपत्री, दवाखान्याची मदत देतानाही नाही. ज्यांचा ख्रिस्तावर विश्वास नाही त्यांनाही ती मिळते, मग विश्वासणाऱ्यांतल्या गटांचा प्रश्नच कुठे येतो? कोणी कार्यकर्ता मदतीचा उपयोग आपल्या मंडळीकडे माणसे ओढायला करत असेल, तर ते मतभेदाच्या नव्हे, फसवणुकीच्या सदरात जाते, आणि समिती ते तसेच हाताळील.

शेवटची गोष्ट ऊसतोडीची. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतील. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर पाच-सहा महिने. इथे ज्या घरांनी एकमेकांशी बोलणे टाकले आहे, तीच घरे तिथे एकाच फडावर शेजारशेजारच्या कोप्यांत राहणार आहेत. बाळंतपण तिथे होईल, कोयता तिथे लागेल, कोणी दगावले तर मातीही तिथेच द्यावी लागेल. त्या वेळी कोणाचा पाळक जवळ असेल ते सांगता येत नाही. म्हणून निघण्याआधी दोन्ही बाजूंच्या पाळकांनी मिळून एकदा त्या वस्त्यांत जावे, एकाच अंगणात प्रार्थना करावी, आणि फडांना भेट द्यायच्या तारखा वाटून घ्याव्यात. जे पाळक जातील त्यांनी तिथे भेटणाऱ्या प्रत्येक कोपीत जायचे, आपल्या आणि त्यांच्या असे न बघता. यादीची वही बाहेरच्या टेबलावर ठेवली आहे. जाताना आपल्या वस्तीतल्या टोळ्यांचे मुकादम आणि कारखाना तिच्यात लिहून द्या.